मेंढरं माळावर नेमकी कुठे चरतात, आणि का

वीस हेक्टरच्या माळावर शंभर मेंढरं सोडली, तर ती वीस हेक्टर चरत नाहीत. काही तुकडे मुळापर्यंत खातात, काहींवरून नुसती चालत जातात आणि काही तुकड्यांकडे महिनोन्‌महिने फिरकतही नाहीत. त्यामुळे "हेक्टरी अमुक मेंढ्या" हा हिशोब कागदावर बरोबर दिसतो आणि रानात चुकतो. माळावर किती मेंढरं पोसतील हे ठरवायचं असेल, तर आधी त्या माळाचे तुकडे कोणते आणि कोणत्या महिन्यात कोणता तुकडा खाण्याजोगा असतो, हे पाहावं लागतं.

इथे डोळ्यांसमोर आहे तो पश्चिम महाराष्ट्राचा अवर्षणप्रवण पट्टा: माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर, दौंड, पारनेर, कर्जत, सांगोला, आटपाडी, जत. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत आणि बेभरवशाचा. माथ्यावर मुरूम, खाली काळी जमीन आणि मधे उतार. या भागातली बहुतेक मेंढरं दख्खनी जातीची, काळ्या भरड लोकरीची. जतकडे अंगाने मोठी माडग्याळ. मोठी दख्खनी मेंढी अंदाजे ३० किलोची धरली, तर तिला रोज सुमारे १ किलो कोरडा चारा लागतो. पावसाळ्यातल्या हिरव्या गवतात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, तेव्हा हाच १ किलो भरायला चार-पाच किलो हिरवं गवत पोटात जावं लागतं.

तोंडाची घडण

मेंढी कुठे चरते हे कळायला तिचं तोंड पाहावं. वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, तिथे कडक गादी असते. खालचे आठ दात त्या गादीवर दाबून ती गवत तोडते. वरचा ओठ मधून चिरलेला आणि हलता, तोंड निमुळतं. गाय जीभ फिरवून गवताचा झुबका विळ्याने कापल्यासारखा ओढते. मेंढी त्याच झुबक्यातलं हिरवं पान वेगळं काढते आणि काडी तशीच ठेवते. ती जमिनीलगतचं बोटभर गवतही खाऊ शकते. गाईला जिथे काही मिळत नाही, तिथे मेंढी पोट भरते ते यामुळे. आणि अतिचराई झाली की माळाचं नुकसान मेंढी जास्त करते, तेही यामुळेच.

दुसरी गोष्ट तिच्या पोटाची. मेंढीच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव काडी कुजवतात, पण त्यांनाही प्रथिनं लागतात. चाऱ्यात प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की सूक्ष्मजीव मंदावतात, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो आणि मेंढी खाणंच कमी करते. माळावरचं वाळलेलं गवत बहुधा दोन ते चार टक्क्यांवर असतं. म्हणजे जानेवारीनंतर कंबरेएवढं वाळलं गवत असलेल्या माळावरही मेंढी वाळते. हा चारा असूनचा दुष्काळ नवख्याच्या लक्षात येत नाही. अशा वेळी मेंढी मुकाट्याने गवत सोडून ओढ्याकाठी, काटवनात किंवा पिकं निघालेल्या रानात ओढ घेते.

निवड सगळ्या पातळ्यांवर चालते. एका घासात कोणतं पान, दोन पावलांच्या आत कोणतं रोप, मग कोणता तुकडा आणि शेवटी दिवसभरासाठी कोणतं रान. घास आणि पाऊल मेंढी ठरवते. तुकडा मेंढी आणि मेंढका मिळून ठरवतात. रान मात्र मेंढकाच ठरवतो, आणि तिथली चूक मेंढीला दिवसभर चरूनही भरून काढता येत नाही.

माळाचे तुकडे

माथा किंवा सडा. माती वीतभरही नाही, गवत बुटकं, बरंचसं एकवर्षायू. पाऊस पडून गेला की तासाभरात पाय कोरडे राहतात, वारा असतो, माश्या-चिलटं कमी. पावसाळ्यात मेंढरं आपण होऊन वर सरकतात ती यासाठी. ओल्या जागी खूर मऊ पडून बोटांच्या बेचक्यात सडतात, आणि लंगडं मेंढरू कळपाच्या मागे राहतं. चिलटांमुळे पसरणारा नीलजिव्हा हा रोगही पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी उचल खातो, म्हणून वाऱ्याची जागा बरी. पण माथ्यावरचं गवत दिवाळीपर्यंत संपतं. त्यानंतर तिथे मेंढरं नेणं म्हणजे पायपीट.

उतार हा माळाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत फसवा भाग. चांगल्या राखलेल्या उतारावर पवन्या, मारवेल, डोंगरी गवत अशी बहुवर्षायू गवतं असतात. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच मुख्य प्रकार मांडले आहेत, त्यांतल्या सेहिमा-डायकँथियम या प्रकारात आपला बहुतेक माळ मोडतो. सेहिमा म्हणजे पवन्या, डायकँथियम म्हणजे मारवेल. प्रत्यक्षात मात्र आज बहुतेक उतारांवर कुसळी या गवताचं राज्य दिसतं.

कुसळी कोवळी असते तेव्हा मेंढरं आवडीने खातात, प्रथिनंही सहा-सात टक्क्यांपर्यंत असतात. फुलोरा आला की चित्र उलटतं. तिच्या बीला खाली अणकुचीदार, उलट्या केसांचं टोक असतं आणि वर लांब पिळलेलं कुसळ. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने बी गिरमिटासारखी आत शिरते. जमिनीत शिरायची तिची ही सोय मेंढीच्या लोकरीत, कातड्यात, ओठांत, डोळ्यांतही तितकीच चालते. तोंडात जखमा झालेली मेंढी खात नाही, डोळ्यात कुसळ गेलेली एका बाजूला मान धरून चालते. कातडी आणि लोकर दोन्हींची किंमत पडते.

म्हणून उताराचं वेळापत्रक कुसळीवरून ठरवायचं. जुलैअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, गवत वीतभर झालं की एकेक पट्टा भराभर चरून घ्यायचा. कणसं बाहेर दिसू लागली की मेंढरं काढायची. पावसाच्या मागे-पुढे होण्याने तारीख बदलते, म्हणून पंचांगाकडे न पाहता कणसाकडे पाहावं. नंतर कुसळं एकमेकांत गुंतून वरच्या वर झुबके होतात आणि गळतात. ती गळून गेली, साधारण डिसेंबरनंतर, की उरलेल्या वाळल्या पाल्यावर पुन्हा फिरता येतं, पण फक्त पोट भरण्यापुरतं. मधल्या काळात सकाळी दव असताना उतारावरून कळप हाकणं हा हमखास चुकणारा निर्णय.

खोलगट भाग आणि ओढ्याकाठ म्हणजे हरळी, मारवेल, लव्हाळा. क्षेत्र थोडं, पण फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवं. मेंढरांना मोकळं सोडलं तर ती पहिल्या दिवसापासून इथेच येतील. इथेच त्यांना अडवावं लागतं, दोन कारणांनी. एक म्हणजे उन्हाळ्याची शिदोरी ऑक्टोबरातच संपते. दुसरं कारण कृमी.

पर्णकृमी, म्हणजेच लिव्हर फ्ल्यूक, याचं अर्धं आयुष्य गोड्या पाण्यातल्या छोट्या गोगलगाईत जातं. गोगलगाईतून बाहेर पडलेली पिल्लं पाण्याकाठच्या गवतावर चिकटून कवच धरतात. पावसाळा संपून डबकं आटू लागतं, काठ मागे सरकतो, आणि कालपर्यंत पाण्यात असलेलं हिरवंगार गवत उघडं पडतं. मेंढी नेमकं तेच खाते. सर्वांत धोक्याचा पट्टा हा ओलावा असलेला काठ, मधला कोरडा भाग नव्हे. ऊन आणि कोरडेपणा यांनी ही कवचं मरतात, म्हणून काठ पूर्ण वाळून भेगा पडेपर्यंत थांबलेलं बरं. लागण झाल्यावर लक्षणं बहुधा तीन-चार महिन्यांनी दिसतात: जबड्याखाली सूज, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरी, लोकर सहज उपटून येणं. तोवर मेंढका दुसऱ्याच रानात असतो आणि दोष त्या रानाला देतो. औषधातही गोम आहे. सगळीकडे मिळणारं अल्बेंडाझोल मोठ्या झालेल्या पर्णकृमींवरच चालतं, कोवळ्यांवर नाही, आणि गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात ते देत नाहीत. कोणतं औषध केव्हा, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावं.

रक्त पिणाऱ्या गोल कृमींचं गणित वेगळं. लेंडीतून पडलेल्या अंड्यातून ओल आणि ऊब असेल तर पाच-सात दिवसांत लागण करणारी अळी तयार होते आणि ओल्या पात्यावर चढते, तीही फार वर नाही, खालच्या काही सेंटिमीटरपर्यंत. म्हणून पावसाळ्यात एका तुकड्यावर सलग चार दिवसांपेक्षा जास्त चारू नये, परत यायचं ते किमान महिन्याभराने, आणि गवत चार बोटं उरलं की उठावं. गवतासाठी जो नियम चांगला, तोच इथे मेंढीसाठीही चांगला आहे.

काटवन, म्हणजे बाभूळ, हिवर, बोर, खैर, तरवड यांची विरळ झाडोऱ्याची जागा. मेंढी शेळीसारखी मागच्या पायांवर उभी राहून पाला ओरबाडण्यात पटाईत नाही, पण पडलेला पाला आणि शेंगा वेचते. मार्च ते मे या काळात बाभळीच्या शेंगा हाच माळावरचा प्रथिनांचा मुख्य पुरवठा. शेंगांत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, म्हणून मोठ्या मेंढीला दिवसाला पाव किलोच्या आसपास पुरे, त्यापुढे वाळला चारा पचत नाही. वेड्या बाभळीच्या गोड शेंगाही ती खाते, आणि त्यातल्या काही बिया लेंड्यांतून जिथे वाडा, म्हणजे मेंढक्यांचा कळपासह तळ, बसेल तिथे उगवतात. घाणेरीची झुडपं मात्र उपाशी कळपाला जवळून दाखवू नयेत. एरवी मेंढी तिला तोंड लावत नाही, भुकेली असली की लावते, आणि मग कावीळ होऊन उन्हात तोंड-कान सुजतात.

पिकं निघालेली रानं हा नैसर्गिक माळ नाही, पण मेंढीच्या वर्षातून ती वगळता येत नाहीत. ऑक्टोबरात बाजरीची, फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बी ज्वारीची धसकटं. बांधावरचं तण, गळलेली पानं, काही कणसं. दोन धोके. कापलेल्या ज्वारीला आलेले कोवळे फुटवे किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, आणि घटकाभरात मेंढी धापा टाकत आडवी होते. सांडलेल्या धान्यावर उपाशी कळप पडला तर पोट आंबतं. दोन्हींचा धोका कमी करायचा उपाय एकच: आधी माळावर निम्मं पोट भरवून मगच कळप रानात घालायचा.

दिवाळीनंतर अनेक वाडे घाट उतरून कोकणात जातात ते याच हिशोबाने. तिथे भाताची खाचरं रिकामी झालेली असतात, काठाला हिरवळ असते. पाऊस तोंडावर आला की माघारी, कारण कोकणातला पावसाळा काळ्या लोकरीच्या मेंढराला आणि त्याच्या खुरांना सोसत नाही.

दिवसाचा फेरा

मेंढी दिवसाला आठ-दहा तास चरते आणि जवळपास तेवढाच वेळ रवंथ करते. चरण्याचा जोर उजाडल्यावर आणि मावळतीआधी. उन्हाळ्यात दुपारी ११ ते ४ मध्ये मेंढरं चरत नाहीत, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. सकाळी उशिरा सुटलेल्या आणि सूर्यास्ताला कोंडलेल्या कळपाचे उन्हाळ्यात चरायचे तास निम्म्यावर येतात, तेव्हा तुकडा कितीही चांगला असो. पावसाळ्यात आणि थंडीत मात्र दव वाळेपर्यंत थांबणं बरं, कारण अळ्या ओल्या पात्यावरच वर असतात. उन्हाळ्यात लवकर आणि ओलीच्या दिवसांत उशिरा, असा उलटा नियम आहे.

पाणी या फेऱ्याला खुंटी घालतं. हिरव्या गवतावर मेंढीला वेगळं पाणी फारसं लागत नाही. वाळल्या चाऱ्यावर दर किलोमागे तीन-चार लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त. त्यामुळे उन्हाळ्यात पाणवठ्याभोवती उघडी-बोडकी वर्तुळं पडतात आणि दोन-तीन किलोमीटरपलीकडचा चारा तसाच राहतो. व्यायला झालेल्या मेंढ्यांचा फेरा आणखी लहान. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, पोटात चाऱ्याला जागा कमी उरते, म्हणून जवळचा चांगला तुकडा त्यांच्यासाठी राखावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळे मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. अशा जुळी घालणाऱ्या मेंढ्यांना तर नुसत्या वाळल्या उतारावर ठेवून चालतच नाही.

आता मूळ हिशोब. समजा, २० हेक्टर माळ आहे. एक मीटर बाय एक मीटर चौकट टाकून प्रत्येक तुकड्यात आठ-दहा ठिकाणी गवत कापा, वाळवा, तोला. चौरस मीटरला १०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी १ टन. माथा ५ हेक्टर, हेक्टरी ६०० किलो, एकूण ३ टन. उतार १० हेक्टर, हेक्टरी १,२०० किलो, १२ टन. खोलगट २ हेक्टर, हेक्टरी २,५०० किलो, ५ टन. काटवन ३ हेक्टर, हेक्टरी १,००० किलो, ३ टन. बेरीज २३ टन. गवत टिकायचं तर निम्मंच खायचं, म्हणजे ११.५ टन. शंभर मेंढ्यांना रोज १०० किलो, म्हणजे ११५ दिवस. कागदावर.

पण उतारावरच्या ६ टनांपैकी कुसळ येण्याआधी तिसरा हिस्सा, २ टनच, खाऊन झाला, तर उरलेले ४ टन नंतर फक्त काड्या असतात. खऱ्या अर्थाने पोसणारा चारा उरला ७.५ टन, म्हणजे ७५ दिवस. त्यातही खोलगटातला अडीच टन ऑक्टोबरात उडवला तर मार्चमध्ये हातात काटवनापलीकडे काही नाही. मेंढ्यांची संख्या ठरवायची ती या सर्वांत अडचणीच्या महिन्यावरून.

मेंढरं कोणत्या तुकड्याला झुकतं माप देतात हे मोजणंही अवघड नाही. टेकडीवर बसून दर १५ मिनिटांनी कोणत्या तुकड्यात किती मेंढरं आहेत आणि त्यांतली किती तोंड खाली घालून चरतायत, ते लिहा. हे महिन्यातून दोन-तीन दिवस करा. एखाद्या तुकड्याच्या वाट्याला आलेल्या चराईच्या टक्केवारीला त्याच्या क्षेत्राच्या टक्केवारीने भागा. खोलगट १० टक्के क्षेत्र आणि चराई ३५ टक्के, तर उत्तर ३.५: तिथे भार साडेतीनपट. उतार ५० टक्के आणि नोव्हेंबरातली चराई २५ टक्के, तर ०.५. एकाहून बरंच जास्त उत्तर आलेल्या तुकड्यातलं गवत पावसाळाभर डोळ्यांत तेल घालून बघावं. लेंड्या मोजण्याची पद्धत सोपी वाटते, पण त्यातून बसायच्या जागा कळतात, चरायच्या नव्हे. मेंढी उठता-उठता आणि रात्री बसल्या जागी जास्त लेंड्या टाकते. आणि नोंदीत "आपण होऊन" की "हाकून" हे लिहिलं नाही, तर मेंढक्याची सवय मेंढीची आवड म्हणून मोजली जाते.

असमान चराई एकदा सुरू झाली की स्वतःच वाढते. खाल्लेल्या जागी कोवळा फुटवा येतो, मेंढी पुन्हा तिथेच येते. न खाल्लेलं गवत काड्या धरतं आणि आणखी नकोसं होतं. आवडत्या तुकड्यात आधी पवन्या आणि मारवेल जातात, मग कुसळी पसरते, शेवटी एकवर्षायू कुसळाची गवतं आणि तरवड उरतात. जुनं गवत जाळून सगळीकडे सारखा फुटवा आणण्याचा मोह होतो. पेटवलेल्या माळावर फुटवा येतोही, पण सगळा कळप त्या एकाच काळ्या पट्ट्यावर पडतो आणि जोमदार झुबक्यांचे कोंब पहिल्याच उन्हाळ्यात खुडले जातात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं काय होतं, ते सांगायला नको.

त्याहून स्वस्त उपाय मिठाचा. मिठाचा खडा किंवा चाटण पाणवठ्यापासून लांब, न चरल्या जाणाऱ्या तुकड्यात ठेवावं. पाण्याजवळ ठेवलं तर उलटा परिणाम होतो. सकाळी निघताना भुकेला कळप नावडत्या तुकड्यातून न्यावा आणि आवडता तुकडा दुपारनंतरसाठी ठेवावा. पहिल्या पावसानंतर लगेच माळावर धाव घेऊ नये, गवत वीतभर होऊ द्यावं. कोवळ्या लुसलुशीत गवतावर एकदम पडलेल्या कळपात आंत्रविषार हा आतड्यातल्या विषाचा रोग होतो, म्हणून त्याची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात टोचून घ्यावी. संध्याकाळी ओढ्याच्या घळींतून कळप आणू नये, कारण लांडगा तिथूनच जवळ येतो.

एक गोष्ट मात्र फार कमी बोलली जाते. मोकळी मेंढी रात्री उंचावर बसते आणि खाली खाल्लेल्या गवताचं खत वर नेऊन टाकते, म्हणजे माळाचं खत निदान माळावर राहतं. आपल्याकडे वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून कळप शेतात बसवतात. शेतकऱ्याला खत, मेंढक्याला धान्य किंवा पैसे, दोघांचाही फायदा. माळाचं नत्र आणि स्फुरद मात्र रोज रात्री पिकाच्या रानात जातं आणि परत येत नाही. म्हणून माळावर मुक्काम असेल तेव्हा उतारावरच्या उघड्या पडलेल्या जागी वाघर लावावी, दोन रात्रींत ती पुढे सरकवावी आणि त्या जागेवर पुढचा पूर्ण पावसाळा मेंढी जाऊ देऊ नये. एकाच जागी आठवडाभर वाघर ठेवली तर तिथे पवन्या नाही, धोतराच उगवतो.